मागची खोली रिकामी ठेवण्याबाबत

मी, गल्लीत गादीवाली म्हणतात ती, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा गाद्या भरणे, आता बंद, राहणार घुमटाला चिकटून असलेल्या घरात, माझं शेवटचं सांगणं स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले. "कोणाच्याही दबावाखाली न येता" असं लिहा म्हणाले, तेही लिहिलं. दबाव आणायला आजवर दोघंच आले, एक माझा मुलगा आणि एक समोर फोमच्या गाद्या विकणारा फोमवाला. दोघांनाही मी चहा न पाजता परत पाठवलं.

वकील सगळं टाइप करून देत होते. त्यांच्या कागदात 'सदर' आणि 'उपरोक्त' इतके की माझंच घर मला सापडेना. म्हणून हाताने. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याला दारातूनच हाकलावं.

कलम १. घर.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. नवऱ्याने जायच्या आधी करून दिलं. तीन खोल्या एका रांगेत. पुढे दुकान, मधे आम्ही राहतो ती खोली आणि तिच्यावर माळा, शेवटी मागची खोली.

दुकान, मधली खोली आणि माळा मी मुलगा आणि सून अशा दोघांच्या नावे ठेवते. मुलाच्या एकट्याच्या नावे नाही. मुलगा चांगला आहे. पण समोरचा गोड बोलला की याचं 'हो' आधी बाहेर पडतं आणि विचार मागून लंगडत येतो. सून आधी विचारते, "कशासाठी?" घराला असं एक माणूस लागतं. या कागदाप्रमाणे सगळं होतंय की नाही हे बघायचं कामही मी सुनेवरच सोपवते.

कलम २. मागची खोली.

ही मुलाला नाही.

या खोलीला रस्त्याकडे खिडकी नाही. एक दार, आणि टोकाच्या भिंतीत अगदी वर आठ झरोके. ते झरोके पलीकडे घुमटात उघडतात. घुमट म्हणजे शेजारची गोल छपराची जुनी इमारत. पूर्वी तिथे धान्याचा काटा होता, पोती तोलायचे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून ती गल्लीची बसायची जागा झाली. सभा, वाचन, शोकसभा, पाण्यावरून भांडणं, सगळं तिथे. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला आठ आहेत.

ही खोली मी माझ्या नणंदेला देते. त्या शाळेत शिकवायच्या, सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, मी वन्सं म्हणते. म्हणायचे. आमचा अबोला आहे. अबोला असला तरी खोली त्यांचीच. त्यांच्यानंतर ती घुमटात बसणाऱ्या सगळ्यांची, कोणा एकाची नाही.

अट एकच. खोली रिकामी राहील. रिकामी म्हणजे रिकामी. कपाट नाही, जुनी सायकल नाही, "फक्त दोन दिवसांसाठी" काही नाही. कोपऱ्यात एक झाडू चालेल, तो मी मोजून बघितलाय.

मुलाला हे पटत नाही. फोमवाल्याने गोदामासाठी खोली मागितली आणि याचं 'हो' नेहमीप्रमाणे आधी बाहेर पडलं.

"आई, रिकामी खोली ठेवायची म्हणजे काय? हवा साठवायची का?"

"हो."

"हवेला कोणी कुलूप घालतं का?"

"कुलूप हवेला नाही. तुला आहे."

सून आतून हसली. मुलगा म्हणाला, "मी शब्द देऊन बसलोय त्यांना." मी म्हणाले, "मग उठ." पण ज्या माणसाला कारण कळत नाही तो आई असेपर्यंत गप्प बसतो आणि तेराव्या दिवशी कुलूप तोडतो. म्हणून पुढे कारण लिहिलंय. लांब आहे. माझा इलाज नाही.

कलम ३. अवजारं.

कापूस पिंजायचं धनुष्य घुमटाच्या दारामागे खिळ्याला टांगावं. शोभेसाठी नाही. त्याची ताणलेली तात छेडली की खोलीचा आवाज ठीक आहे की नाही ते लगेच कळतं. गुंजन छपरापर्यंत जाऊन परत आलं पाहिजे. नाही आलं तर कोणीतरी काहीतरी आणून ठेवलंय असं समजावं आणि शोधावं.

मोठी दाभणं सुनेला. बारीक सुया शिंपिणीला देणार होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं, असा कायदा आहे म्हणे. तेव्हा सुयाही सुनेला, आणि सुनेने त्या शिंपिणीला वापरायला द्याव्यात. कायद्याने शिंपिणीचं नुकसान का व्हावं?

कलम ४. कारण.

लग्न होऊन आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शाळा तिसरीपर्यंत, तीही विसरलेली. वन्सं माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, नवऱ्याची थोरली बहीण, शाळेत नोकरीला. मागची खोली त्यांची होती. शाळेतून आल्या की मला तिथे बसवायच्या आणि अक्षरं गिरवून घ्यायच्या. "र काढतेस की सुई वाकवतेस?" म्हणायच्या. दोन वर्षांत मी पत्र लिहायला शिकले. हा कागद मी लिहिते आहे तो त्यांच्यामुळे. हे आधी लिहिते, पुढचं वाचून कोणी विसरू नये म्हणून.

रविवारी सकाळी वन्सं घुमटात वाचायच्या. पेपर, पुस्तक, कोणाचं लांबून आलेलं पत्र. माइक नाही, काही नाही. उत्तरेच्या भिंतीशी एक पायरी आहे, झरोक्यांच्या बरोबर खाली. तिथे उभं राहून साध्या आवाजात बोलायचं. शेवटच्या बाकड्यावर पान उलटल्याचं ऐकू यायचं.

एका रविवारी त्यांनी एक पत्र वाचलं. "नाव सांगत नाही," म्हणाल्या. पत्र मी माझ्या आईला लिहिलेलं होतं. पेटीत टाकायला त्यांच्याकडे दिलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, "इथे गाद्या मऊ आहेत, माणसं कडक आहेत, पण माणसंही पिंजून घेईन." सगळा घुमट हसला. मी शेवटच्या बाकड्यावर बसले होते. एकेक शब्द ऐकू आला. इतका चांगला आवाज होता त्या जागेचा.

मी उठून घरी आले आणि त्या दिवसापासून वन्संशी बोलायची बंद झाले. स्वयंपाक केला, ताट वाढलं, बोलले नाही. चार महिन्यांनी त्यांनी शाळेजवळ भाड्याने खोली घेतली आणि गेल्या. जाताना घरातला आपला वाटाही भावाला लिहून दिला. थांबा म्हणायला तोंड उघडलं नाही माझं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीत कापूस भरला. जमिनीपासून छपरापर्यंत. नवरा म्हणाला, "पुढे जागा आहे की." मी म्हणाले, "पुढे उंदीर आहेत." उंदीर नव्हते.

पुढच्या रविवारी वन्सं पायरीवर उभ्या राहिल्या आणि चौथ्या बाकड्यापलीकडे कोणाला काही कळेना. लोक म्हणाले, घसा बसला. कोणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, कोणी ज्येष्ठमध दिलं. कोणी म्हणालं, वर्गात ओरडून ओरडून गेला आवाज. वन्सं जास्त जोर लावायला लागल्या, तेव्हा खरंच घसा बसला. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग घुमटाच्या समितीने कर्णा आणला आणि अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता तुम्ही आराम करा." वन्सं पायरीवरून उतरल्या, तिसऱ्या बाकड्यावर बसल्या, आणि त्यानंतर रविवारी आल्याच नाहीत. वय किती? तिशीतली बाई.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं. ते मी केलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढं माझ्या बाजूने लिहून घ्या. यापुढचं माझ्या बाजूने काही नाही.

कापूस भरल्यापासून तीन वर्षांनी एका वसतिगृहाची दोनशे गाद्यांची मागणी आली. मागची खोली आठवड्यात रिकामी झाली. त्या रविवारी कर्णा बिघडलेला, आणि बोलायला उभा राहिला नळवाला. हा माणूस इतका हळू बोलतो की त्याची बायकोसुद्धा त्याला "काय?" याच नावाने हाक मारते. तो म्हणाला, "नळाला पाणी सकाळी सहाला येईल." शेवटच्या बाकड्यावर लख्ख ऐकू आलं. लोक म्हणाले, "अरे वा, सुटला की तुझा आवाज!" सगळे त्याच्याकडे बघत होते. मी झरोक्यांकडे.

मला चैन पडेना. बुधवारी दुपारी नळवाल्याला बोलावलं, पायरीवर उभं केलं आणि सांगितलं, तेच वाक्य म्हणत राहा. का ते त्याने विचारलं नाही. तो विचारणारा माणूस नाही, म्हणून तर साक्षीदार घेतलाय. नवरा मागच्या खोलीत एकेक गठ्ठा टाकत होता, नवा माल आला होता. मी शेवटच्या बाकड्यावर. वीस गठ्ठ्यांपर्यंत काही नाही. तिसाव्याला 'सहाला' गेलं. पंचेचाळिसाव्याला 'पाणी' गेलं. साठाव्याला नुसता नळवाला उभा, तोंड हलतंय, मासा जसा. मग गठ्ठे काढायला लावले. उलट क्रमाने सगळं परत आलं, आधी पाणी, मग सहा.

तो दिवस माझ्या आयुष्यातला फार मजेचा दिवस होता, खोटं कशाला बोलू. झरोक्यांतून आवाज आमच्या खोलीत जातो, तिथल्या हवेत फिरतो, भरदार होऊन परत येतो. कापूस असला की तो गिळतो. मला कोणी शिकवलं नव्हतं. मी शोधून काढलं होतं.

नवरा घाम पुसत आला आणि म्हणाला, "म्हणजे ताईचा आवाज गेलाच नव्हता. सांगायला हवं तिला."

मी म्हणाले, "सांगते."

त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. अजून सांगते आहे.

खोली मी परत भरली. कर्णा आहेच, कोणाला काय फरक पडतो, असं स्वतःला समजावलं. नवरा गेला त्या आठवड्यात त्याने दोनदा विचारलं, "सांगितलंस?" दोन्ही वेळा मी हो म्हणाले. याच्यापुढे फोमवाल्याचा काय राग धरू? पण धरते.

तर वन्सं, तुमचा घसा बसला नव्हता. तुमचा आवाज माझ्या कापसात गेला. त्या कापसाच्या गाद्या अर्ध्या गल्लीने घेतल्या. एवढी वर्षं सगळे तुमचा आवाज अंगाखाली घालून झोपले.

कलम ५. मोजणीवाली आणि वही.

दहा वर्षांपूर्वी फोमच्या गाद्या आल्या, माझा धंदा बसला आणि मागची खोली आपोआप रिकामी झाली. फोमवाल्याच्या पाटीवर लिहिलंय, 'ढगावर झोपा'. ढगावर झोपलेला माणूस खाली पडतो, पण लोकांना कोण सांगणार? दोन वर्षांपूर्वी कर्णाही कायमचा मेला. कोणाच्या लक्षात आलं नाही की आता त्याच्यावाचून ऐकू येतंय.

गेल्या वर्षी कॉलेजातून एक मोजणीवाली आली. म्हणाली, जुन्या जागांचे आवाज जपायचं काम करते.

"आवाज काय दागिना आहे, डब्यात जपायला?"

"आजी, इमारत राहते आणि आवाज जातो. कोणी छत खाली घेतं, कोणी भिंतीला गिलावा करतं. मग लोक म्हणतात पूर्वी काहीतरी वेगळं होतं, पण काय ते सांगता येत नाही."

मी खुर्ची दिली. चहाही दिला.

ती एकटीने मोजत बसली नाही, हे मला आवडलं. अख्ख्या गल्लीला बोलावलं. म्हणाली, जो जिथे बसतो तिथे बसा आणि काय ऐकू येतं ते सांगा, यंत्राला तुमच्याइतकी वर्षं झालेली नाहीत. मग फुगे वाटले. एकेकाने आपल्या जागेवर फुगा फोडायचा, बाकीच्यांनी गप्प बसून तो संपेपर्यंत मोजायचं. शिंपिणीचा आधीच फुटला आणि तिने दुसरा मागितला, तोही फुटला. म्हातारी माणसं फुगे घेऊन बसलेली, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे.

मोजणीवालीने तारा लावल्या, यंत्रात बघितलं आणि विचारलं, "या झरोक्यांमागे काय आहे?"

"माझी खोली."

"तिच्यात काय आहे?"

"काही नाही."

"तेच ठेवा," ती म्हणाली. "अर्धा आवाज तिथून येतोय."

मला जे साठ गठ्ठ्यांनी कळलं ते तिला एका फुग्याने कळलं. शिक्षणाचा हा फायदा.

मग तिने विचारलं, "पूर्वी इथे कोण बोलायचं?" सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. वन्सं दाराशी उभ्या होत्या. एवढ्या वर्षांनी कशा कोण जाणे, फुग्यांचे आवाज ऐकून आल्या असतील. त्या म्हणाल्या, "माझा आवाज गेला कधीचाच," आणि निघून गेल्या. तो कुठे गेला हे तिथे मला एकटीला माहीत होतं. त्या दिवशी हा कागद लिहायचं ठरवलं.

त्यानंतर गल्लीने वही केली. आवाजाची वही. ज्याला जिथे काही ऐकू येतं ते त्याने लिहायचं, बाकीच्यांनी जाऊन खात्री करायची. शिंपिणीच्या जिन्यात सातव्या पायरीवर खोकलं की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं, आठव्या पायरीवर नाही. पाण्याच्या टाकीखाली एक टाळी वाजवली की दोन परत येतात. छापखान्याच्या बोळातून चालताना आपलीच पावलं आपल्या पुढे गेल्यासारखी वाटतात. वही घुमटात राहील. वर्षातून एकदा सगळ्यांनी फुगे आणावेत, आपापल्या जागी बसावं, मोजावं आणि गेल्या वर्षीशी ताडून बघावं. आकडा घटला तर मागची खोली उघडून बघावी.

कलम ६. मला न कळलेल्या गोष्टी.

या मी कोणालाही देते, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. थंडीच्या सकाळी घुमटात आवाज लांब का जातो? डावीकडच्या तिसऱ्या खांबामागे बसलेल्याचं बोलणं पुढे का येत नाही, आणि त्याला मात्र पुढचं सगळं कसं ऐकू येतं? दाराशी केलेली कुजबुज घड्याळाखाली का उगवते? मोजणीवालीला विचारलं, ती म्हणाली, "बघावं लागेल." म्हणजे तिलाही माहीत नाही. मला बरं वाटलं.

कलम ७. बाकीचं.

त्या जुन्या कापसाची एक उशी उरली आहे. कधीच विकली नाही. ती वन्संना. तिचं काय करायचं ते त्या ठरवतील. उसवून कापूस माझ्या तोंडावर फेकला तरी माझी तक्रार नाही.

मी गेल्यावर शोकसभा घुमटात घ्यावी, कर्णा भाड्याने आणू नये. बोलणाऱ्याने पायरीवर उभं राहून साधं बोलावं आणि लवकर संपवावं. ज्याला रडायचं त्याने डावीकडच्या तिसऱ्या खांबामागे रडावं, तिथलं पुढे येत नाही.

आणि हा कागद मी जिवंत असताना, घुमटात, सगळ्यांसमोर वाचावा. वकील म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हणाले, मेल्यावर वाचलात तर मला उत्तरं कशी ऐकू येणार? वाचायचं वन्संनी. माझं अक्षर त्यांच्याशिवाय कोणाला लागत नाही. दुसरं म्हणजे, त्यांचा आवाज गेला नव्हता हे त्यांच्याच आवाजात सगळ्यांना कळावं. माझ्या तोंडून ते आजवर निघालं नाही, यापुढेही निघेल असं वाटत नाही.

पुरवणी. (सही करण्याआधी, त्याच दिवशी लिहिलेली.)

सुनेला वन्संकडे निरोप घेऊन पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी वाचायचं सोडलंय." सून म्हणाली, "अक्षर कोणालाच लागत नाही हो." वन्संनी विचारलं, "अजून तसंच आहे का? सुई वाकवल्यासारखं?" आणि चष्मा शोधायला लागल्या.

आज सकाळी सगळे जमले. वन्सं पायरीवर चढल्या, नळवाल्याने हात दिला. मी माझ्या जुन्या जागी, शेवटच्या बाकड्यावर, माझ्या एका बाजूला शिंपीण. हात देऊन नळवालाही येऊन दुसऱ्या बाजूला बसला. वन्संनी कागद उघडला आणि सुरू केलं. मला ऐकू आलं ते एवढंच, "मी, गल्लीत." पुढे नुसते ओठ.

मी ओरडले, "ऐकू येत नाही!"

वन्सं थांबल्या. कागद खाली केला. "मी म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या असाव्यात, कारण तेही ऐकू आलं नाही, "माझा आवाज..." आणि त्या उतरायला लागल्या.

मी मुलाकडे बघितलं. मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता. फोमवाला छपराकडे.

"किती?" मी विचारलं.

"चाळीस," मुलगा म्हणाला. "कालच. दोन दिवसांसाठी फक्त, आई."

"वन्सं, जागच्या हलू नका!" एवढ्या वर्षांत त्यांना हाक मारून बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. "तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही. मागच्या खोलीत माल आहे. तुम्ही वाचत राहा. पहिलंच पान, पुन्हा पुन्हा. थांबू नका."

वन्संना काही कळलं नाही, पण शिकवणारी बाई आहे, वाचत राहा म्हटलं की वाचते. गल्लीला मात्र लगेच कळलं. फुगे फोडून शहाणी झालेली गल्ली. सगळे उठले, मागच्या खोलीपासून रस्त्यापर्यंत रांग लावली आणि गाद्या हातोहात बाहेर जायला लागल्या. सुनेने दार धरलं. फोमवाला धावला, "अहो आजी, माझा माल रस्त्यावर!" मी म्हणाले, "ढगावर ठेव."

मी बाकड्यावर बसून मोजत होते. बारा गाद्या गेल्या तेव्हा 'गुडघे' आलं. वीस गेल्या तेव्हा 'वकील'. तिसाव्याला अख्खं वाक्य आलं, शेपटीसकट. वन्संचा आवाज म्हातारा झालाय, थोडा कापतो, पण तोच आहे. त्यांनाही ते कळलं. पान धरलेला हात हळूहळू खाली आला, पूर्वी छातीशी असायचा तसा. शेवटची गादी मुलाने स्वतः डोक्यावरून नेली. परत आला तेव्हा वन्सं कलम दोनवर पोचल्या होत्या, आणि दारात उभं राहून त्याने स्वतःबद्दल सगळं ऐकलं. त्याने खाली बघितलं नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एवढं असतं होय त्या हवेत?" आणि मला न विचारता नेलेली खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

कलम चार वन्संनी न थांबता वाचलं. "अजून सांगते आहे" इथे थांबल्या. मग पुन्हा वाचायला लागल्या, "तर वन्सं, तुमचा घसा बसला नव्हता," स्वतःच स्वतःला, पान संपेपर्यंत.

मग त्यांनी चष्मा काढला, आणि आवाज जराही न चढवता बोलल्या.

"अगं ए गादीवाले. सत्तेचाळीस वर्षं?"

मी मान हलवली.

"माझा भाऊ तुझं खोटं ऐकून गेला."

"हो."

"ते मला सहज सुटणार नाही."

"नका सोडू."

"आणि ते पत्र," त्या म्हणाल्या. "मी ते हसायला वाचलं नव्हतं. त्या वर्षी वर्गातल्या एकालाही असं वाक्य लिहिता आलं नव्हतं. मला ते सगळ्यांना ऐकवायचं होतं. लोक वाक्याला हसले. पण तुला न विचारता वाचलं, ते माझं चुकलं. मागे बघितलं तर तुझी जागा रिकामी."

मी शेवटच्या बाकड्यावर होते. एकेक शब्द ऐकू आला.

"पुढचं वाचू?" त्यांनी विचारलं. "की तिसऱ्या खांबामागे जाऊन येतेस?"

म्हणजे कलम सात त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. मी म्हणाले, "वाचा. मी इथेच ठीक आहे."

वाचून झाल्यावर किल्ली मी वन्संना दिली. त्यांनी ती घुमटाच्या दारामागे, धनुष्यासाठी ठोकलेल्या खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, खोली माझी, पण किल्ली इथे राहील, सगळ्यांना दिसेल अशी. मी दिलेली उशी त्यांनी काखेत मारली. उसवणार की उशाला घेणार ते सांगितलं नाही. पुढच्या रविवारी काय वाचायचं ते मात्र मला विचारलं.

वरचं सगळं मी लिहिलं, मोठ्याने वाचलेलं ऐकलं, आणि ते माझंच आहे. खाली सही करते. अंगठा नाही, सही. शिकवणारी समोर उभी आहे.

ठिकाण: घुमट, शेवटचं बाकडं
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी

(सही) गादीवाली

साक्षीदार: आम्ही दोघं गादीवालीच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिने आमच्यादेखत सही केली, आम्ही तिच्यादेखत. कागदात लिहिलेलं सगळं शेवटच्या बाकड्यावर स्पष्ट ऐकू आलं.

१. (सही) शिंपीण
२. (सही) नळवाला